नंबरावर बसलेली मुलगी

त्या सोमवारची सकाळ अजून माझ्या मनातून जात नाही. साडेदहा वाजत आले होते. बेळगावच्या सरकारी दवाखान्यात एका कपाटासमोर मी उभी होते. कपाटाला कुलूप होतं, किल्ली कारकुनाकडे होती आणि कारकून अजून आला नव्हता. तिकडे सत्तरेक किलोमीटरवर, तालुक्याच्या कोर्टात, अकरानंतर कधीही एका एकोणीस वर्षांच्या मुलीला विचारलं जाणार होतं, ‘तुला गुन्हा कबूल आहे का?’ ती ‘होय’ म्हणणार हे मला माहीत होतं. तिनं तो गुन्हा केलेला नाही हेही आदल्या दुपारपासून माहीत होतं. आणि तिला आरोपी मीच केलं होतं.

तुम्ही दोघांनी मागच्या पत्रात लिहिलंत, आजी, तुझ्या नोकरीतली एखादी केस लिही ना. तुम्हाला दरोडे, पाठलाग असलं काही हवं असणार. तसलंही घडलं, पण ते माझ्या लक्षात फारसं राहिलं नाही. हे राहिलं. नावं कुणाचीच लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं आज कुणाचे तरी आजी-आजोबा आहेत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. जिल्ह्यात महिला सब-इन्स्पेक्टर मोजक्याच. मी बेळगावला होते. कुठल्याही ठाण्यात बायकांची चौकशी किंवा अंगझडती असली की बिनतारी संदेश यायचा आणि मी पहिल्या बसनं निघायचे. तसा एक संदेश निपाणीहून आला. तंबाखूच्या एका वखारीतून चार पोती गेली होती. वखार म्हणजे नुसतं गोदाम नव्हे. तिथं चाळीस-चाळीस बायकांच्या टोळ्या दिवसभर बसून पाला निवडत. तंबाखूची धूळ इतकी, की दारातून आत पाऊल टाकलं की शिंक आलीच. आठवडी बाजाराच्या दिवशी वखार बंद होती. दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा पोती कमी. पहारेकऱ्यानं ठाण्यात सांगितलं, की बाजारादिवशी दुपारी मागच्या दाराशी निवडणाऱ्यांपैकीच एक बाई छकड्याजवळ उभी होती, तोंड दिसलं नाही. फिर्याद मॅनेजरनं दिली. तो नवा होता, हुबळीकडून आलेला. गेलेल्या मालासाठी पोलीस बोलावणारा त्या वखारीतला तोच पहिला.

मी पोचले तेव्हा चाळीस बायका अंगणात रांगेनं बसल्या होत्या. दिवसभराचं काम दिसत होतं. एकेकीला आत बोलवायचं, जबाब घ्यायचा, दुसरीच्या जबाबाशी ताडून बघायचा. मी वही उघडली आणि सुरुवातीला सगळ्यांना मिळून नुसतं विचारलं, “पोती कुणी नेली हे ज्या कुणाला ठाऊक असेल, तिनं आत्ताच सांगितलेलं बरं.”

टोळीच्या पुढारी बाईला सगळ्या आक्का म्हणत. ती पन्नाशीची होती, तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं. तिनं मागं वळून पाहिलं. मागच्या रांगेतून एक सडपातळ मुलगी उठली.

“मी केलं, बाई.”

“काय केलंस?”

“पोती मीच नेली.”

शेजारी उभा असलेला मुकादम जमिनीकडे बघत होता. कुणी हुंदका दिला नाही, कुणी ‘अगं’ म्हटलं नाही. ही शांतता मला तेव्हाच खटकायला हवी होती. मला वाटलं, खाकी साडीतली बाई बघूनच पोरीला कापरं भरलं.

“कुणाला विकलीस?”

“बाजारात इकली.”

“कुणाला पण?”

“वळखीचा न्हवता.”

मी ते लिहून घेतलं. अंगझडतीत तिच्याकडे निघालेल्या वस्तूंची यादी मी माझ्या सवयीप्रमाणे क्रमांक घालून केली. एक, कापडी पिशवी. दोन, शिळी भाकरी, फडक्यात बांधलेली. तीन, इंग्रजीत टाईप केलेलं एक पत्र. सरकारी नर्स-दाईच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं होतं. पत्र वाचून मला वाईट वाटलं. इतकी चांगली संधी हातात असताना चोरी करावी? हे मी तिला बोलूनही दाखवलं. 

निपाणीच्या ठाण्यातला हवालदार खुशीत होता. “मॅडम, तुमचा हात लई हलका. आमी आसतो तर दोन दिस घाम गाळला आसता. एका प्रश्नात केस फुटली की!”

मीही खुशीत होते. आता खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट समजून घ्या. पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीला कायद्यात किंमत नाही. ती पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही, आणि त्यामागची कारणं तुम्हाला वाटतात तीच आहेत. पण दोषारोप वाचून दाखवल्यावर मॅजिस्ट्रेट जेव्हा विचारतात, गुन्हा कबूल आहे का, की खटला चालवायचा, तेव्हा आरोपी जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं जातं. तिथं ‘होय’ म्हटलं की साक्षीदार नको, उलटतपासणी नको. मॅजिस्ट्रेटना वाटलं तर त्याच दिवशी शिक्षा. माझ्याकडे पुरावा जवळपास नव्हताच. माल मिळाला नव्हता, पहारेकऱ्यानं चेहरा पाहिला नव्हता. पण ती कोर्टातही ‘होय’ म्हणेल याबद्दल ठाण्यात कुणालाच शंका नव्हती. म्हणून दोषारोपपत्र घाईनंच गेलं. नोकरानं मालकाच्या मालाची केलेली चोरी, अजामीनपात्र कलम. जामिनाचा अर्ज करायला तिच्या विधवा आईला कुणी सांगितलं नाही. मुलगी बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या जेलमध्ये, बायकांच्या भागात गेली.

तीन आठवडे गेले. एका शनिवारी दुसऱ्याच कामासाठी मी हिंडलग्याला गेले. तिथली वॉर्डर बाई ओळखीची होती. ती म्हणाली, “तुमच्या त्या निपाणीच्या पोरीचा गोतावळा केवढा आहे हो! दोन-तीन दिवसांआड एक बाई भाकरी घेऊन येते. दर खेपेला नवी. आतापर्यंत एक तोंड परत दिसलं नाही. विचारलं तर म्हणतात, आम्ही नात्याच्या न्हाय.”

मला नवल वाटलं, इतकंच.

रविवारी दुपारी माझी आई, म्हणजे तुमची पणजी, क्वार्टरच्या मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. आई लग्नाआधी आणि नंतरची नऊ वर्षं निपाणीच्या वखारीत होती. बाबासाहेबांच्या विचारानं आमच्या वस्तीतली मुलं शाळेत गेली, त्यात मी गेले. इंग्रजी शाळा, कॉलेज, खाकी. वखारीबद्दल आई फारसं बोलायची नाही आणि मीही विचारलं नव्हतं. केसेसबद्दल घरी बोलायचं नाही हा माझा नियम. पण ही भाकरीची गंमत म्हणून मी सांगितली.

आईचा हात सुपात थांबला.

“मग ती नंबरावर बसलीया.”

“म्हणजे?”

“नंबर गं. वखारीत काय कमी पडलं, पाला भिजला, काय मोडलं, तर मुकादमाला एक नाव लागतंय. नाव न्हाय दिलं तर समदी टोळी घरी. मग आमी नंबर लावला हुता. जिचा नंबर तिनं उठायचं, मी केलं म्हणायचं. मुकादम तिला आठ दिस घरी बसवायचा. तवर बाकीच्या आळीपाळीनं तिच्या घरी भाकरी द्यायच्या. मुकादमालाबी ठावं असायचं.”

“आणि खरं कुणी केलं ते?”

“ते कोण इचारतंय? नाव गावलं की झालं.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “तू बी तेच केलीस की गं.”

मी उठून ऑफिसात गेले. फायलीची प्रत काढली आणि माझ्याच अक्षरातली ती यादी वाचली. तीन, इंग्रजी पत्र. पत्राची नक्कल जोडलेली होती. प्रशिक्षणाआधी वैद्यकीय तपासणीसाठी सकाळी दहा वाजता बेळगावच्या सरकारी दवाखान्यात हजर राहावं, असं त्यात होतं. खाली तपासणीची तारीख होती. ती बाजाराच्या दिवसाची तारीख होती. पोती हलली तो दिवस.

ते पत्र मी वाचलं होतं, क्रमांक घातला होता, पंचांच्या सह्या घेतल्या होत्या. तारीख मात्र माझ्या डोळ्यांखालून तशीच गेली होती, कारण केस तेव्हा माझ्या मनात संपलेली होती.

निपाणी ठाण्याला ट्रंक कॉल लावला. दीड तासानं लागला. लाईनीत खरखर. ठाण्यातला रायटर, म्हणजे नोंदी लिहिणारा पोलीस, ओरडत होता, “उद्या चार्ज हाय मॅडम, ती कबूल करनार म्हनल्यावर आता काय?” सरकारी वकिलांना निरोप द्या, केस दुपारपर्यंत थांबवा, असं मी तीनदा सांगितलं. त्याला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. रात्रभर मला तेच वाटत राहिलं, की नुसतं पत्र दाखवून काय होणार. बोलावलं होतं म्हणजे ती गेली होती असं नव्हे. दवाखान्याच्या रजिस्टरात तिची सही हवी.

म्हणून सोमवारी मी त्या कुलपासमोर उभी होते.

कारकून पावणेअकराला आला. माझा गणवेश बघून घाबरला आणि घाबरल्यामुळे किल्लीच सापडेना. रजिस्टर निघालं. त्या तारखेच्या पानावर सतराव्या ओळीत तिचं नाव, वजन, उंची, आणि शेवटच्या रकान्यात तिची सही. शाळेत गिरवलेल्या अक्षरात, एकेक अक्षर सुटं. आत यायची वेळ दहा, सोडल्याची वेळ चार. मी उतारा करून घेतला, शिक्का मारून घेतला. जीप मागितली होती, पण त्या दिवशी सगळ्या जीपा बंदोबस्ताला होत्या. बसनं निघाले. संकेश्वरला बस वीस मिनिटं उभी राहिली. ड्रायव्हर चहा पीत होता. त्याला काही बोलावं असं फार मनात आलं. मी खिडकीचा गज धरून बसून राहिले.

कोर्टात पोचले तेव्हा एक वाजत होता. दारातच हवालदार भेटला.

“झालं मॅडम. घेतलं तिचं. व्हय म्हनली. एका शब्दात.”

“शिक्षा?”

“जेवणानंतर सांगतो म्हनलेत साहेब.”

 मी तडक सरकारी वकिलांकडे गेले. ते डबा उघडत होते. उतारा बघून त्यांनी चष्मा काढला. “निरोप आला होता. मला वाटलं तुम्हाला स्वतः हजर राहायचं असेल, कौतुक ऐकायला. बाई, स्वतःची केस स्वतः मोडणारा अधिकारी मी अजून पाहिला नाही. वर काय सांगणार आहात?”

“ते नंतर बघू. आत्ता काय करता येईल?”

“पुढील तपासाचा अर्ज द्या. पण साहेब सरळ विचारतील, कबूल तिनं केलं, तुम्ही कोण? ती स्वतः फिरली तरच काही होईल. शिक्षा सुनावली की मग अपील, महिने जातील.”

मी त्याच टेबलावर अर्ज लिहिला. तपास अपुरा राहिला, असं स्वतःच्या सहीनं लिहिलं. मग बाहेर आले. आवारातल्या चिंचेखाली टोळीतल्या सहा-सात जणी बसल्या होत्या. आक्का मध्ये. मी जमिनीवरच बसले.

“आक्का, मला सगळं ठाऊक झालंय. नंबर तिचा होता ना?”

 शेजारचीच बोलली, “तिचा न्हवता वो. तिचा लई लांब हुता.”

“ए, गप गं,” आक्का म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलली, “तिच्या आईचा नंबर आला तवा आमी दोनदा तिच्या जागी बसलोय. पोरगी आता टरेनिंगला जाणार. म्हनली, आक्का, जायच्या आदी माझं फेडून जातो. उगंच मागं ऱ्हायला नको. लई हट्ट केली.”

“तिला काय वाटलं होतं?”

“आठ दिस. फार तर पंधरा. हितं जरा लांबलंय.” तिनं कोर्टाकडे मान वळवली. “आज सुटंल न्हवं?”

तेव्हा मला कळलं, की त्या चाळीसजणींच्या दृष्टीनं मी, ते ठाणं, हिंडलग्याची भिंत आणि आतले साहेब, सगळे मिळून एक मोठा मुकादम होतो.

“आक्का, ऐका. हे आठ दिवसांचं नाही. आज साहेबांनी लिहिलं की ती जन्मभर चोर. सरकारी नोकरी कायमची गेली. नर्स होता येणार नाही. ह्या वर्षीही नाही, कधीच नाही.”

“कदीच न्हाय?”

“नाही.”

 आक्का पदर खोचून उठली. “मग माझं नाव घाला. ह्या वयात मला कोन नर्स करतंय? चला, साहेबाला सांगतो. मी केलं.”

दुसरी म्हणाली, “तुजं गुडघं धरलेत, हिंडलग्याला संडासाला बसायला यील का तुला? मी जातो.” आणि त्या हसल्या. खरंच हसल्या. मला रडू येत होतं.

“तसं चालत नाही, आक्का. इथं कुणाच्या जागी कुणी बसत नाही. तिनंच सांगायला हवं, मी केलं नाही म्हणून. आणि ती माझं ऐकणार नाही.”

“आनि मग टोळीचं? मॅनेजर चाळिसांना भाईर काढंल.”

मी खोटं आश्वासन दिलं नाही. “काढेल कदाचित,” म्हणाले.

आक्का कोर्टाच्या दाराकडे चालू लागली.

अडीचला कोर्ट भरलं. मुलीला आणलं. माझा अर्ज मॅजिस्ट्रेटनी वाचला, दवाखान्याचा उतारा वाचला, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ उभी राहिले.

“हा उतारा तीन आठवड्यांपूर्वी मिळाला असता?”

“हो, सर.”

“मग?”

“मी शोधला नाही, सर. तिनं कबूल केलं होतं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग मुलीला मराठीतच विचारलं, “सकाळी तू कबुली दिलीस. त्याचा परिणाम तुला कुणी समजावला होता? आता हे कागद सांगतात की त्या दिवशी तू बेळगावात होतीस. तुझ्या कबुलीवर शिक्षा द्यायचीच असं माझ्यावर बंधन नाही. पण बोलायचं तुला. तू चोरी केलीस का?”

 तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती मागं, दाराकडे बघत होती. पंखा फिरत होता. अर्धं मिनिट गेलं असेल. एकदा ‘होय’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा ‘होय’ म्हणणं फार सोपं असतं, हे मला माहीत होतं, आणि तिचे ओठ हलायला लागले होते.

दारातून आक्काचा आवाज आला. “पोरी, तुजं फिटलं गं. लई दिस बसलीस. खरं सांग आता.”

पट्टेवाला ओरडला, “ए म्हातारे, भाईर हो!” मॅजिस्ट्रेटनी हात वर करून त्याला थांबवलं.

मुलीनं डोळे पुसले. “म्या न्हाय केलं, साहेब. मला ठावंबी न्हाय कुनी केलं ते.”

मॅजिस्ट्रेटनी लिहिलं. सकाळच्या नोंदीखाली नवी नोंद झाली, की आरोपी गुन्हा नाकारते. वैयक्तिक जातमुचलक्यावर तिला सोडलं. पुढच्या तपासात निघालं ते थोडक्यात सांगते. पहारेकऱ्याचा मेहुणा छकडा हाकायचा. तीन पोती त्याच्या गोठ्यात, वैरणीखाली मिळाली. दाराशी उभी असलेली बाई अशी कुणी नव्हतीच, ती पहारेकऱ्यानं रचली होती. चौकशीत एक नाव पुढे येतंच, हे त्यालाही माहीत होतं. मुलीविरुद्धचा खटला संपला. टोळीला मॅनेजरनं चार दिवस बाहेर ठेवलं, पण हंगाम होता, निवडणारे हात त्याला कुठून मिळणार? परत घेतलं. मला कारणे दाखवा नोटीस आली आणि एक वेतनवाढ थांबली. त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती रुजू व्हायची तारीख हिंडलग्यात असतानाच निघून गेली होती. ते वर्ष तिचं बुडालंच. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला, पुन्हा निवड झाली, आणि चारित्र्य पडताळणीसाठी ती माझ्याच ऑफिसात आली. ‘कधी शिक्षा झाली आहे काय’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मला वाटलं, आता ती आभार मानेल. खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते.

ती कागद घडी घालत म्हणाली, “बाई, एक इचारू? रागवू नका.”

“विचार.”

“जी न्हाय म्हणती तिला तुमी दिवसभर इचारता. कुठं हुतीस, कुणाबरोबर हुतीस, कशी गेलीस, कशी आलीस. मी व्हय म्हनलं, तर मला दोनच गोष्टी इचारल्या. चार पोती मी एकटीनं कशी उचलली, एवडंसुदीक न्हाय. का वो?”

मी शाईच्या पॅडचं झाकण लावत राहिले. ती नमस्कार करून गेली. पुढे खानापूर भागात तिनं बरीच वर्षं नोकरी केली असं ऐकलं.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एक नियम पाळला. नाकारणाऱ्यापेक्षा कबूल करणाऱ्याला जास्त प्रश्न विचारायचे. वरिष्ठ वैतागायचे, हवालदार हसायचे. त्या नियमानं निदान चार माणसं वाचली असतील, असं मला वाटतं. पण त्या प्रकरणाआधीही माझी काही वर्षं नोकरी झाली होती. त्या वर्षांत कितीतरी माणसं माझ्यासमोर उभी राहून ‘होय, मीच’ म्हणाली होती, आणि मी समाधानानं लिहून घेतलं होतं. ती माणसं ‘होय’ का म्हणाली, कुणासाठी म्हणाली, मी विचारलं नाही. त्या फायली मी पुन्हा मागवू शकले असते. मागवल्या नाहीत. तसा अधिकार नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तुम्हाला मात्र खरं सांगते, मला भीती वाटली.